गुरुजीनं बाजू घेतली नाही

आमच्या साकोलीच्या वाचन मंडळात सगळे साठीच्या वरचे. नियम एकच. ज्यानं पुस्तक आणलं त्यानं त्याची तारीफ करायची नाही. वाचलेल्या दुसऱ्यानं उठून बाजू घ्यायची, तरच ते पुढच्या महिन्याले लागते. बाजू कोणीही घेवो, चालते ती गुरुजीची. रिटायर हेडमास्तर. ते हो म्हणले की सगळ्याईचं हो.

गुरुजीची एक गोष्ट फक्त मले ठाऊक होती. शुगरनं त्याईच्या डोळ्याचा पडदा खराब केला होता, बारीक अक्षर दिसतच नव्हतं. दर बैठकीच्या आदल्या सांजेला मी त्याईले फोनवर पुरी कादंबरी सांगत होती. दुसऱ्या दिवशी ते त्याच्यावर असे बोलत, की मीच ऐकत राहायची.

त्याईच्यासाठीच मी ते पुस्तक आणलं. चित्रकादंबरी. तलावावर मासे धरणाऱ्या एका बाईची गोष्ट, पानभर चित्रं अन् बोलणं मोठ्या ठसठशीत अक्षरात. बैठकीच्या आधी त्याईच्या घरी नेऊन दिलं. आधी त्याईनंही नाक मुरडलं, हे लेकराईचं खेळणं कायले आणलं म्हणले. मी म्हटलं, पाहा तर खरं. हप्त्याभरानं फोन आला. 

"बाई, मी सोता वाचलं. पुरं वाचलं."

मंडळात मीच बाजू घेतो, हेही तेच म्हणले. मी फक्त नाचायची बाकी होती.

बैठकीत पुस्तक हातोहात फिरलं. एक रिटायर तहसीलदार हसले, म्हणले आता रंगखडूही आणा. एका काकूनं तर न उघडताच पुढे सरकवलं. मी गुरुजीकडे पाहून राहिली होती. ते उठले.

"यात वाचण्यासारखं काय आहे? ज्याले वाचता येत नाही, त्याच्यासाठी ठीक आहे."

एका शब्दात मी त्याईले उघडं पाडलं असतं. शब्द जिभेवर आलाही होता. गिळला. पुस्तक पिशवीत टाकलं अन् घरी येतपर्यंत रडत आली. ते भ्यायले असतील. चित्रं आवडली म्हणावं तर कोणी डोळ्याचं विचारील, एवढं मलेही समजते. पण समजलं म्हणून राग जाते काय? हसणाऱ्याईचं मले काही वाटलं नाही. ज्याची लाज मी वर्षभर पदराखाली झाकली, त्यानंच केसानं गळा कापला.

मंडळानं मग नेहमीसारखी एक जाडजूड कादंबरी लावली. पुढच्या बैठकीच्या आदल्या सांजेला फोन वाजला. आवाज असा, जसं काही झालंच नाही.

"हं बाई, सांगा. या महिन्याच्या कादंबरीत काय आहे?"

"चित्रं नाहीत, गुरुजी," मी म्हटलं, अन् फोन ठेवून दिला.