यात्रेची अळणी आमटी

वहिनीनं मला सांभाळलं, हे आधी सांगतो. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. बाकीचं तिच्यामागनं येतं.

मी आणे गावचा, पठारावरचा. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. आता सुरतेला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला आहे. किडन्या गेल्यापासून आठवड्यातनं तीनदा डायलिसिसच्या मशीनवर झोपतो. मीठ बंद, पाणी मोजून, डाळ-गूळ-खोबरं बेतानं. अंगात पाणी साठलं की दम लागतो, आडवं होता येत नाही. त्यामुळं गावाला जायचं म्हटलं की आधी जवळपास मशीन कुठं मिळेल ते बघावं लागतं. तरी यंदा यात्रेला गेलो. नारायणगावला दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन मिळणार होती. तोवर निभवायचं होतं.

आमच्या यात्रेची आमटी म्हणजे मोठमोठ्या कढयांत शिजलेली, मसाल्याची, झणझणीत. सगळं पठार तीत भाकरी चुरून खातं, वर किटल्या भरून घरी नेतं. तिला नको म्हणणारा माणूस मी पाहिला नाही. वहिनी फोनवर म्हणाली होती, "या तुमी भावजी. जेवणाचं माज्यावर सोडा."

तिनं आमच्या डायलिसिस सेंटरच्या सिस्टरलाच फोन करून सगळं विचारून घेतलेलं. डाळ रात्रभर भिजवली, ते पाणी ओतून दिलं. उकडली, तेही पाणी ओतून दिलं. गूळ नाही, खोबरं नाही. लसूण-मिरची भाजून घातली, वर लिंबू. सोबत तांदळाची भाकरी. आणि मला एकट्याला वेगळं नको म्हणून घरात सगळ्यांना तेच. माझ्यासाठी तुम्ही कशाला, असं मी म्हणून पाहिलं. दादा तेच खात होता, आई लोणच्याशी.

तेवढ्यात येडगावहून वहिनीचा भाऊ आला, हातात यात्रेतली भरलेली किटली. त्याला माझ्या दुखण्याचं ठाऊक नव्हतं. मीच घरच्यांना कुणाला सांगू नका म्हटलं होतं. मशीन लागली की माणूस संपला, असं आमच्याकडं धरतात. भेटायला येतात ते शेवटचं भेटल्यासारखं. म्हणून हातावरच्या सुयांच्या खुणा झाकायला मी भर उन्हात लांब बाह्यांचा सदरा घालून बसलेलो.

वहिनीनं त्यालाही पान वाढलं. पहिल्याच घासाला तो थांबला.

"ताई, यात्रंच्या दिशी मीठ संपलं व्हय गं?"

"इसरले रे," वहिनी म्हणाली.

मग तो सुटलाच. येडगावात सांगतो म्हणाला, पुढच्या खेपेला किटलीऐवजी मिठाचं पोतंच आणतो म्हणाला. त्यांच्या आईनं हिला काय शिकवलं, हेही झालं. वहिनी त्याच्याबरोबर हसत होती. मी बोलायला हवं होतं. तोंडात घास होता, एवढंच निमित्त.

मग त्यानं किटली उचलली आणि माझ्या चुरलेल्या भाकरीवर भरपूर आमटी ओतली. "घ्या पावणं. परसाद हाय, नाय म्हनायचं नसतं."

तो वास आला आणि खरं सांगतो, मला उद्याची मशीनसुद्धा आठवली नाही. हात गेला. तो पोचायच्या आत वहिनीनं ताट उचललं. "थांबा भावजी, केस दिसतोय." आत नेलं, दुसरं वाढून आणलं.

"मीठ न्हाई, वर केस. लई भारी सैपाक, राव," तिचा भाऊ म्हणाला. आई हसली नाही, दादाही नाही.

सकाळी वहिनीच माझ्यासोबत जीपनं नारायणगावला आली. मशीनआधी काट्यावर वजन बेतात भरलं, म्हणजे अंगात पाणी फार साठलं नव्हतं, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. वाटेत मी म्हणालो होतो, तुमच्या भावाला खरं सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर त्यो जेवला असता व्हय? तुमच्याकडं बगत बसला असता. तुमी पोटभर जेवला का न्हाई, तेवढं सांगा."

जेवलो होतो. तेच सलतं. त्या पंगतीत चवीनं जेवलेला मी एकटाच.

इथं कँटीनमध्ये लसूण सोलताना तिचं ते हसणं आठवतं. पुढच्या यात्रेला तिच्या भावाला समोर बसवीन, बाह्या वर करून हात दाखवीन आणि त्या दिवशी गप्प कोण बसलं ते सांगीन. मग चुलीपुढं मी बसणार. मीठ, गूळ, खोबरं सगळं घालून आमटी करीन आणि पहिलं पान वहिनीला वाढीन. मला चाखता येणार नाही. मीठ बरोबर पडलं का, ते सगळ्यांसमोर तिनंच सांगायचं.