ओट्याखाली सासरे

रनाळ्यातल्या आमच्या घरात सिमेंटचा ओटा आम्हीच ओतला, सासऱ्यांनी आणि मी. नवरा सुरतला गाडी चालवतो, त्याला सुट्टी मिळाली नाही. खाली बसून स्वयंपाक करताना माझे गुडघे धरायचे. सासरे उमेदीच्या काळात सेंट्रिंगच्या कामाला जायचे, म्हणाले, "मिस्तरी कसाले? मी शे ना."

दोन बाजूंना विटांच्या भिंती झाल्या. वर प्लायवूड, त्याखाली लाकडी टेकू, प्लायवर सळ्यांची जाळी. भांडी धुवायच्या सिंकसाठी मधे एक खोकं पालथं ठेवलं. सकाळी सिमेंट, वाळू, खडीचा माल कालवायला घेतला. सासरे जेवायला उठले तेव्हा अर्धा माल उरला होता आणि तो घट्ट झाला होता, फावड्याला सुटेना. माझे हात भरून आले होते. मी जवळजवळ अर्धी बादली पाणी त्यात ओतलं. माल मऊ झाला. सासरे जेवून आल्यावर तो पाट्यांनी टाकला, भराभर पसरला. त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर टाकलेल्या ओल्या गोणपाटाखाली पाहिलं तर खोक्याच्या कोपऱ्यापासून केसासारखी एक चीर पुढच्या कडेपर्यंत गेलेली. दुपारी मोबाइलवर एका माणसाचा व्हिडिओ लागला. तो सांगत होता, पाणी जास्त झालं की सिमेंटची ताकदच जाते. मी फोन उपडा ठेवला.

त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ ओट्यावर पाणी मारताना मी त्या चिरेवर नख फिरवायची. वाढली का? कधी वाटायचं वाढली, कधी वाटायचं तेवढीच आहे. मुलगी खेळता खेळता टेकूंजवळ गेली की मी तिला ओढून बाजूला करायची. एकदा तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडत विचारत राहिली, मी काय केलं?

टेकू काढायच्या दिवशी सासऱ्यांनी डोक्याला पंचा गुंडाळला, हातोडी घेतली आणि ओट्याखाली सरकायला लागले. जागा इतकी अडचणीची की त्यांना आडवंच व्हावं लागलं. छातीच्या बरोबर वर ती चीर. माझ्याच्याने राहवलं नाही.

"बाबा, थांबा. मी मालमा पानी जास्ती टाकेल शे."

त्यांनी आडव्यानेच मान माझ्याकडे वळवली. "माले माहीत शे. पाटीमाच माल हालत व्हता. म्हनीसन ते टेकू सात दिनना बारा दिन ठेवात."

"मंग तुम्ही खाल नका जाऊ."

"मी नही ते कोन जाई? तू पोरले लिसन भाईर उभी ऱ्हाय."

मुलीला मी अंगणात पाठवलं, पण स्वतः दारातून हलले नाही. पहिला टेकू निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्यावर हातोडी बसली आणि धाडकन आवाज झाला. ओट्याखालून धुळीचा लोट बाहेर आला. त्यांचे पाय तेवढे दिसत होते, आणि ते हलत नव्हते.

"बाबा! ओ बाबा!"

मी गुडघ्यांवर पडले आणि त्यांचा पाय धरून ओढायला लागले. तो पाय गरम होता, एवढंच मला कळत होतं. मग खोकला ऐकू आला.

"ओढू नको, पाय मोडशी. डोयामा धूय गई. पानी दे."

वर ओटा जागच्या जागी होता. नुसतं प्लाय सुटून त्यांच्या खांद्यावर आदळलं होतं. खांदा खरचटला होता, थोडंसं रक्त आलं होतं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी डोळे धुतले, बाहेर आले आणि ओट्यावर मुठीने दोनदा ठोकून पाहिलं. मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

पंधरा दिवस मी त्या ओट्यावर साधी परातही ठेवली नाही, खालीच भाकरी थापली. मग सासऱ्यांनीच गॅस उचलून वर ठेवला.

पुढे नवरा सुट्टीवर आला. चहाचा कप हातात घेऊन ऐटीत ओट्यावर चढून बसला. मी इतक्या जोरात ओरडले की कप त्याच्या हातून पडला. "पागल शे का तू?" तो म्हणाला. सासरे बाहेरच्या खाटेवरून म्हणाले, "उतर रे खाल. तिले भ्याव वाटस."