न दिलेली दवंडी

वाघमळीच्या ग्रामपंचायतीत जोतीराम शिपाई म्हणून लागला त्याला एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सरपंच आठ झाले, ग्रामसेवक किती आले नि किती बदलून गेले याची मोजदाद कुणी ठेवली नाही, पण दवंडी मात्र एकाच गळ्याची राहिली. आधी बरोबर हलगीवाला असायचा. तो म्हातारा गेला, त्याची पोरं इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला लागली, मग जोतीरामनं सायकलच्या हँडलला भोंगा बांधला नि एकटाच फिरायला लागला. आवाज भरून ठेव, बटण दाब नि गप हिंड, असं त्याला कितीदा तरी सांगून झालं. "भरलेला आवाज काय, कुणाचा बी वाजतोय," तो म्हणायचा. "मानसानं मानसाला सांगाय पायजे." मग प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी पाय टेकायचा, घसा खाकरायचा नि "ऐका हो ऐका" म्हणून सुरू. उद्या नळाला पाणी नाही, म्हशींना लस टोचायला डॉक्टर येणार, रेशनचे तांदूळ आलेत. जोतीराम म्हणाला ना, मग झालं. बायका गॅस बारीक करून दारात यायच्या. पगार विचाराल तर सांगायची लाज वाटावी असा, पण गावात त्याच्या शब्दाला किंमत होती नि त्यावर गडी खूश होता.

तर या वाघमळीला शहरात घ्यायचं निघालं. कोल्हापूरच्या आसपासच्या कुठल्याही गावात जाऊन 'हद्दवाढ' एवढा एकच शब्द उच्चारून बघा. चहा प्यायला बसलेली माणसं कप खाली ठेवून उठतात. शहरात गेलं की घरफाळा नि बाकीचे कर वाढणार, शेतावर आरक्षण पडणार, गल्लीतला गोठा उठणार. आणि गावसभेत उठून सरपंचाला चार माणसांत झापायची सोय, ती तर कायमची संपली. आज आपण गाव आहोत, उद्या कुठल्यातरी प्रभागाचा कोपरा. बरं, शहरवाल्यांना तरी आपण हवे होतो का? त्यांना जमीन हवी होती. आपलं बोलणं, आपलं शेण, आपली भांडणं त्यांना कुठं हवी होती?

पण वाघमळी आता एक कुठं राहिली होती! जुनं गाव खाली, नि वर माळावर चार-चार मजल्यांच्या बारा इमारती. त्या कॉलनीतली माणसं शहरात, राजारामपुरीतल्या दवाखान्यांत, बँकांत, क्लासमध्ये नोकरीला. कुठं राहता विचारलं तर 'कोल्हापूर' सांगणार, वाघमळीचं नाव चुकून घेणार नाहीत. गावाचं म्हणणं, ही माणसं जत्रेला येत नाहीत, मयतीला येत नाहीत, यांचं नि आपलं जमायचं कसं? खरंच होतं ते. पण एका वर्षी त्यातले दहा-बारा जण नवे कपडे घालून पालखीला खांदा द्यायला आले, तर जत्रा कमिटीनं त्यांना "तुमी लांबनं बघा की" म्हणून कठड्याबाहेर उभं केलं होतं, हे मात्र गावात कुणी बोलत नव्हतं. कॉलनीला पाणी टँकरचं, गटार उघडं. त्यांना शहर हवं होतं नि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

जोतीराम मात्र पुरता गावाच्या बाजूचा. गल्लीत त्याच्या तीन म्हशी, त्यावर बायको बाळाबाईचा दुधाचा रतीब. आणि आतली गोष्ट अशी, की महापालिकेत दवंडी देतात का कुठं? वाघमळी शहरात गेली तर आपण कोण?

हद्दवाढीवर ठराव करायला गावसभा ठरली. तालुक्याहून निरोप होता, निर्णय वरचे घेतील, पण गावाचं म्हणणं लेखी पाठवा. आदल्या आठवड्यात सरपंच गणपतराव त्याला पंचायतीच्या दारात म्हणाले, "जोतीराम, दवंडी सगळ्या गल्ल्यांत दे. माळावर जायचं कारण न्हाय. मी टाकतो मोबाईलवर." आणि हसले. टाकणार नाहीत हे जोतीरामला त्या हसण्यातच कळलं. तरी तो माळाच्या वळणापर्यंत गेला. पाय टेकला. वर बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे दिसत होते. आणि त्यानं सायकल वळवली. सरपंचाच्या भीतीनं म्हणाल तर नाही. त्याला स्वतःलाच ती माणसं सभेला नको होती.

सभेला दोनशे बारा हात वर झाले, सगळे विरोधात. जोतीरामनं तर दोन्ही हात वर केले, ग्रामसेवक म्हणाले, "अहो, एक खाली घ्या." लोक खदखदून हसले. गाव वाचलं म्हणून बाळाबाईनं त्या दिवशी खीर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध न्यायला अस्मिता आली. ही कॉलनीतली, राजारामपुरीत क्लासमध्ये गणित शिकवणारी, चार वर्षं यांच्याच घरचं दूध घेणारी. तिनं सरळ विचारलं, "काका, सभा झाली म्हणे. आमच्याकडे दवंडी आलीच नाही का?"

"दिलती की," जोतीराम म्हणाला. "तुमी घरात नसशीला."

"असेल. मी दुपारची क्लासला असते."

झालं, एवढंच. तिनं विश्वास ठेवला नि किटली घेऊन गेली. भांडली असती तर बरं झालं असतं! वर तिनं काय करावं? कॉलनीतले लोक तक्रार लिहायला बसले होते, त्यांना जाऊन सांगितलं, जोतीरामकाकांनी दवंडी दिली होती, ते खोटं बोलायचे नाहीत. लोकांनी तिचं ऐकलं नाही. तक्रार गेली.

पुढच्या आठवड्यात तालुक्याहून विस्तार अधिकारी येणार, शिपायाचा लेखी जबाब घेणार असं कळलं. बाळाबाईनं सकाळीच नवऱ्याला समोर बसवलं.

"एक शब्द तर बोलायचाय. दिली म्हण नि मोकळा हो."

"लेखी द्याचं हाय, बाळे."

"मग लेखी दे! सगळं गाव एकीकडं नि तू तेवढा हरिश्चंद्र व्हय? म्हसरं काय माझ्या डोस्क्यावर बांधू?"

तिचं खरं होतं. पंचायतीत गेला तेव्हा 'दिली' म्हणायचं हे त्याचं अगदी पक्कं होतं.

पंचायतीत माणूस मावत नव्हतं. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला कॉलनीतले सात-आठ जण. साहेबांनी कागद पुढं ओढला. "माळावरच्या वस्तीत दवंडी दिली होती का?" जोतीराम तोंड उघडणार, तेवढ्यात मागून अस्मिता आपल्याच माणसांवर चिडून म्हणाली, "साहेब, काका सांगतील तेच लिहा. आम्हाला मान्य आहे."

काय अवदसा आठवली त्या पोरीला! शिव्या दिल्या असत्या तर जोतीरामनं बेधडक खोटं ठोकून दिलं असतं. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"न्हाय दिली, साहेब."

साहेबांनी विचारलं, "कुणी नको म्हणून सांगितलं?" गणपतराव खिडकीबाहेर बघत होते.

"कुणी न्हाय. सायकल माझी, घसा माझा. मीच वळलो मागारी."

ठराव रद्द झाला, सभा पुन्हा घ्यायची ठरली. गणपतरावांना त्यानं वाचवलं, पण त्याचे आभार मानायला कोण बसलंय? गाव त्याच्याशी बोलायचं बंद झालं. चहावाला कप पुढं सरकवायचा नि तोंड फिरवायचा. चुलत्याच्या घरचं बारशाचं आमंत्रण शेजारपाजारी सगळीकडं गेलं, त्याच्या दारात आलं नाही. बाळाबाई जेवायला वाढायची, पण बोलायची म्हशींशी. "खा बायांनो, खा. अजून हाय तवर खा," असं त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

आणि दवंडी पुन्हा त्यालाच द्यायची होती. या वेळी तो आधी माळावर गेला. गेटवरच्या वॉचमननं सायकलचा भोंगा बघून हात आडवा घातला. "भंगारवाल्यांना रविवारीच आत यायचं."

"आरं, मी पंचायतीचा शिपाई हाय!"

वॉचमनला ते खरं वाटेना, पण सोडलं. पहिल्या इमारतीखाली जोतीरामनं पाय टेकला, "ऐका हो ऐका" सुरू केलं, तर तिसऱ्या मजल्यावरून एक बाई ओरडली, "ओ, रद्दी कशी घेता?" आणि उत्तराची वाट न बघता वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलून खालीसुद्धा आली. या माणसांनी जन्मात दवंडी ऐकली नव्हती! पहिल्या वेळी दिली असती तरी यांना काय कळलं असतं, देव जाणे. जोतीरामला हसावं की रडावं कळेना. ज्यांच्यापायी घर फिरलं, त्यांना तो भंगारवाला वाटत होता.

"बाई, रद्दी ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "येत्या मंगळवारी गावसभा हाय. तुमाला शेरात जायाचं का न्हाय ते इचारायला बोलावलंय. तुमाला. ध्यानात आलं न्हवं?"

बाई गठ्ठा छातीशी धरून बघत राहिली. मग म्हणाली, "आम्हाला पण बोलावलंय?" तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, जोतीरामला तिचा राग धरता येईना. बाराच्या बारा इमारतींखाली त्यानं घसा फोडून सांगितलं.

मंगळवारी कॉलनी लोटली. घरच्या खुर्च्या, म्हातारी माणसं, सगळं घेऊन आली. हात मोजायचं काम ग्रामसेवकांचं, पण जोतीरामनं कोपऱ्यात उभं राहून मनात मोजलेच. शहरात जाण्याच्या बाजूनं तीनशे एक्काहत्तर. विरोधात दोनशे नऊ. कॉलनीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, मग गावाकडं बघून मध्येच थांबवल्या. अस्मिता दोन पावलं त्याच्याकडं आली, मग आपली खुर्ची उचलून गर्दीबरोबर निघाली.

गणपतरावांनी जाता जाता म्हटलं, "निकालाची बी दवंडी दे की रं. खरं सांगायची लई हौस तुला." चिडून म्हणाले असते तर सोसलं असतं. ते थकून म्हणाले.

उन्हं उतरता उतरता त्यानं सायकल काढली. एकेक गल्ली घेतली. माणसं दारात येत नव्हती, आलेली आत जात होती. शेवटी राहिली त्याची स्वतःची गल्ली. तोंडाशी बाळाबाई उभी होती, हातात वैरणीची पेंढी, डोळे सुजलेले.

"हितं नको," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती. "पाया पडते तुज्या. ह्या एका गल्लीत नको. आमास्नी कळलंय."

जोतीरामनं तिच्याकडं बघितलं. मग पाय टेकला, घसा खाकरला नि निकाल सांगायला सुरुवात केली, बाजूचे किती नि विरोधातले किती, एकही आकडा न गाळता. त्या दोनशे नऊ हातांत एक तिचा होता नि एक त्याचा.