रुमालाखालची गोळी

कोलेस्टेरॉलच्या गोळीचा डोस मी डॉक्टरशी घासाघीस करून चाळीसवरून दहावर आणला, असं मी काष्टीच्या बाजारात दिसेल त्याला सांगितलेलं आहे.

मी बैलांचा व्यापारी. बापाकडून मला एक कासरा आणि तापट डोकं एवढंच मिळालं. बाकीचं मी भाव पाडून मिळवलं. सहा वर्षांपूर्वी याच बाजारात एका खोंडाचे दात बघता बघता मी आडवा झालो. छातीत स्प्रिंग बसली आणि रोजची एक गोळी मागं लागली. आमची कारभारीण ती पाकिटातून काढून हातावर ठेवते, मी गिळतो. सहा वर्षांत पाकिटाकडं एकदाही पाहिलं नाही. (बैल घेताना मी शेपटीचे केससुद्धा तपासतो.)

बिघडलं ते सूनबाईमुळं. ती शाळेत शिकवते, त्यामुळं कागद दिसला की वाचते. तिनं गोळ्यांच्या खोक्यातलं पत्रक उलगडलं.

"आबा, यात लिहिलंय, ही गोळी बरीच वर्षं घेतली तर क्वचित कुणाचे स्नायू दुखतात."

"अजून?"

"क्वचित साखर वाढते. क्वचित विसरायला होतं."

'क्वचित' मी सोडून दिलं, बाकीचं घेतलं.

तोवर माझा उजवा गुडघा तेवढा कुरकुरत होता. (वय अडुसष्ट. त्याचा तो हक्कच आहे.) पत्रक ऐकलं त्याच संध्याकाळी पिंढऱ्या दुखायला लागल्या, दुसऱ्या दिवशी मांड्या, आणि शनिवारच्या बाजारापर्यंत खांदे. बाजारात एका गिऱ्हाइकाचं नाव काही केल्या आठवेना. त्याला मी जन्मात पहिल्यांदाच बघत होतो, हे नंतर लक्षात आलं.

पाय गेले तर माझा बाजार गेला. बसलेला बैल आणि बसलेला व्यापारी, दोघांचाही भाव पडतो. मी घरी येऊन जाहीर केलं, "उद्यापासनं गोळी बंद."

भाकरी थापता थापता कारभारणीचा हात थांबला.

"करा बंद. फकस्त आडवं व्हायचं ते घरी व्हा. मागल्या बारीला तुमाला टेम्पोत घालून आनलं, बैलाच्या शेजारी. बैल हुबा हुता, तुमी आडवे. मला ते परत बघायचं न्हाई."

"मग पायांचं काय?"

"डॉक्टरला इचारा. आन् बोलताना जरा दमानं."

डॉक्टर श्रीगोंद्याचे. त्यांचे वडील आमच्याच बाजारात शेळ्या विकायचे. त्यांनी रक्त तपासलं, दोन दिवसांनी रिपोर्ट पाहिला. "स्नायू, लिव्हर, साखर, सगळं ठीक हाय आबा. गोळीचा तरास दिसत न्हाई."

"कागद तुमचा, पाय माझे. डोस कमी करा."

डॉक्टरांनी माझ्यासोबत आलेल्या कारभारणीकडं पाहिलं. ती पंख्याकडं बघत होती. मग त्यांनी खुर्चीवरचा टॉवेल ओढला, आपल्या हातावर टाकला आणि हात पुढं केला.

"बोला आबा. एक बोट म्हंजी दहा."

बैलबाजारात सौदा असाच होतो. रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही. डॉक्टरांनी माझी चार बोटं दाबली. चाळीस! सहा वर्षं हे इतकं माझ्या पोटात ओतत होते तर. मी त्यांचं अर्धं बोट दाबलं.

"आबा, एवढ्यात शेळीचं बी कोलेस्टेरॉल उतरायचं न्हाई."

"मग जास्तीचं शेळीला द्या."

डॉक्टर तिनावर आले. मी उठून दाराकडं निघालो. (उठल्याशिवाय भाव उतरत नाही.) "बसा, बसा," म्हणत ते दोनवर आले. दारातून कंपाउंडर आणि चार पेशंट बघायला लागले होते. मी अर्ध्यावरून हललो नाही. शेवटी डॉक्टरांनी चष्मा काढला, घरातली गाय विकल्यासारखा सुस्कारा सोडला आणि एक बोट दाबलं. मी हात हलवला. सौदा पक्का.

दवाखान्याच्या पायऱ्या मी दोन-दोन उतरलो. त्यानंतर तीन आठवडे पिंढरी नाही, मांडी नाही, खांदा नाही. बाजारात मी बैलांच्या पुढं चालत होतो. भेटेल त्याला सांगत होतो, की पाय दुखत असतील तर आधी भाव करायला शिका.

मग सूनबाईनं कपाट आवरायला काढलं.

"आबा, ही जुनी रिकामी पाकिटं टाकू का? नवीनसारखीच आहेत."

"सारखी कशी? जुनी चाळीसची."

"नाही हो. दोन्हींवर दहाच आहे."

मी कारभारणीकडं वळलो. ती मेथी निवडत होती.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय. मीच फोन केल्ता डॉक्टरला. म्हनलं, आमच्या मानसाला भाव न पाडता घेतलेली वस्तू पचत न्हाई. तुमीच कायतरी बघा."

"आत्ता जातो त्याच्याकडं."

"जावा की. सौदा मोडायला आलोय म्हनून सांगा."

मी चप्पल काढून परत बसलो. बसल्या बसल्या उजवी पिंढरी दुखायला लागली. संध्याकाळपर्यंत डावीही. कारभारणीनं गोळी हातावर ठेवली, ती मुकाट गिळली. कुणाला सांगायची सोय नाही. चाळीस वर्षं या धंद्यात आहे, पण रुमालाखाली एवढा घाम गाळून शेवटी स्वतःच्याच दावणीचा बैल घरी घेऊन आलेला व्यापारी मी एकच पाहिला.