मादप्पा आणि काळा डबा

मैसूरच्या मंडी मोहल्ल्यात मादप्पाचं गॅरेज म्हणजे वर पत्रा, खाली बाकडं आणि मधे चाळीस वर्षांचा संशय. दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवून बघणार, पेट्रोल हुंगल्याशिवाय टाकीत ओतणार नाही, आणि दुपारी नाचणीचे मुद्दे खायला घरी निघाला की पान्यांवर चिमटीनं राख भुरभुरून जाणार. परत आल्यावर बोटांचे ठसे बघायला. चाळीस वर्षांत एक पाना चोरीला गेला नव्हता. त्याचाही त्याला संशय.

"म्हंजे कोणतरी टपून बसलंय," म्हणायचा. "बारक्या चोऱ्या करून हात खराब करून घेत न्हाई."

पण येझ्दी मोटारसायकलच्या कामात त्याचा हात धरणारा आख्ख्या मोहल्ल्यात नव्हता. इंजिनातले ठिणगी पाडणारे पॉईंट लावताना तो सिगारेटचा पातळ कागद पॉईंटच्या दोन टिकल्यांत धरायचा, इंजिन केसाकेसानं फिरवायचा, आणि कागद सैल पडला की म्हणायचा, "सुटला." तिथं ठिणगी. ना मीटर, ना दिवा.

त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे अनंतरामय्या मास्तर. त्यांची अठ्ठ्याहत्तर सालची येझ्दी मादप्पाच्याच हाताखाली म्हातारी झालेली. पॉईंट झिजायचे, पंधरा दिवसांनी जागा सोडायचे, मग आठ-दहा किका. इतके दिवस चाललं. यंदा मास्तरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांच्या लेकीनं, सुमित्रानं, निकाल देऊन टाकला. रविवारी तिच्यासमोर गाडी दोन किकांत चालू झाली तर राहील, नाहीतर बेंगळूरचा माणूस विकत घ्यायला तयार आहे, घेऊन जाईल.

"मादप्पा, दोन किका," मास्तर म्हणाले. "तिसरी मारायला पाय नाही माझा."

"पॉईंटवर तसली हमी देवबी देणार न्हाई, मास्तर."

"मग लॉरेन्सचा डबा बसव."

मादप्पाचं तोंड आंबलं. हा लॉरेन्स एकेकाळी त्याच्याच बाकड्याच्या टोकाला बसून रेडिओ उघडायचा. आता घरी बसून पॉईंटच्या जागी लागणारा इलेक्ट्रॉनिक डबा करत होता. डबा काडेपेटीएवढा, आणि आत काय ते दिसू नये म्हणून वरनं काळा चीक ओतून घट्ट केलेला.

"आत हाय काय?" शुक्रवारी डबा घेताना मादप्पानं विचारलं.

"काम करणारं सामान."

"मग झाकलंस कशापायी?"

"पाणी जाऊ नये म्हणून. आणि तुझं बोट जाऊ नये म्हणून." लॉरेन्स हसला, मग गंभीर झाला. "एक ध्यानात ठेव. प्लगची वायर काढून, लांब धरून किक मारायची न्हाई. प्लग जागेवर पाहिजे. काय?"

मादप्पानं मान हलवली, पण घरी जाईपर्यंत तेच डोक्यात. ठिणगी बघायची नाही? चाळीस वर्षं तो वायर काढून, इंजिनाच्या हेडापाशी धरून, ठिणगी डोळ्यांनी बघत आला होता. निळी आली तर चांगली, पिवळी आली तर कंडेन्सर गेला. बघू नको म्हणणारा माणूस काहीतरी लपवतोयच.

शनिवारी सकाळी त्यानं पॉईंटची ताटली काढली, डबा बसवला, वायरी जोडल्या. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. बंद केली, पुन्हा पहिल्याच किकेला. दुसऱ्या कोणी तिथंच हात पुसले असते. मादप्पा मात्र गाडीकडं, बायकोनं न मागता चहा दिल्यासारखा बघत राहिला. एवढी गोड का चालतीय?

शेवटी त्यानं प्लगची वायर उपसली, हेडापासून बोटभर धरली, येझ्दीत गिअरचाच दांडा किक होतो, तो आत दाबून वर केला आणि हाणली. ठिणगी जाड, निळी, चटका बसावा अशी. खरं तर चटका बसलाच, अंगठ्याला. त्यानं वायर दोन बोटं लांब नेली. हाणली. ठिणगी आली नाही. परत बोटभरावर आणली. तिथंही नाही. वायर प्लगला लावली, दहा किका हाणल्या. येझ्दी मुकी.

"आलं का भायेर," तो एकटाच पुटपुटला. "भिकार डबा."

तसंच सांगायला तो तरातरा लॉरेन्सच्या दारात गेला. लॉरेन्स कॉफी पीत होता.

"तुझा डबा मेला."

"वायर काढलीस?"

मादप्पानं तोंड उघडलं. एक ‘न्हाई’ म्हटलं की झालं. मास्तरांना सांगायला कारण तयार होतं, मोहल्ल्यात लॉरेन्सची अब्रू जाणार होती, आणि उद्या येझ्दीही बेंगळूरला जाणार होती. लॉरेन्स त्याच्या अंगठ्यावरच्या काळ्या ठिपक्याकडं बघत होता.

"काढली," मादप्पा म्हणाला. "दोन बोटं लांब धरली."

लॉरेन्स उठला. कपाटातनं तसाच दुसरा काळा डबा काढून पुढं ठेवला. "ठिणगीला बाहेर वाट मिळाली न्हाई तर ती आतलं सामान खाती. हा घे. दोन केले व्हते."

"दोन? माझ्यावर संशय घेतलास?"

"तुझ्या बाकड्यावर बारा वर्षं बसलोय, गड्या."

रविवारी मास्तरांच्या अंगणात सुमित्रा पायरीवर उभी राहिली. मादप्पानं दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत घट्ट धरले होते. सुटले असते तर वायरीकडंच गेले असते. मास्तरांची पहिली किक पोकळ गेली. दुसरीला येझ्दीनं धूर सोडला आणि दोन्ही नळ्यांतनं फटफट सुरू झाली. सुमित्रा आत गेली. तिनं कॉफीचे तीन पेले आणले, तेव्हा मास्तरांनी गाडी बंद करून किल्ली खिशात टाकली आणि पुन्हा चाचपून बघितली.

मग मास्तरांचं लक्ष गेलं. मादप्पा गाडीच्या बाजूची टूलपेटी उघडून आत एक पुडी सरकवत होता. जुनी पॉईंटची ताटली, सिगारेटच्या कागदात गुंडाळलेली.

"ती कशाला आता?"

"असू दे," मादप्पा झाकण दाबत म्हणाला. "त्या काळ्या डब्यात काय हाय ते अजून दिसलं न्हाई मला."