भाटव्यांची बिनगेअरची गाडी

आपोआप होणाऱ्या गोष्टीवर माझ्या भाटव्यांइतका अविश्वास ठेवणारा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत शोधून सापडायचा नाही. भाटवे म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. ते घड्याळाला गजर लावतात आणि तो वाजतो की नाही हे पाहायला त्याच्या आधी उठून बसतात. शेतातल्या मोटारीला लाईन आली की आपोआप चालू होणारा स्टार्टर बसवला, तर लाईन येईपर्यंत हे विहिरीच्या काठावर राखण करत बसलेले. चंद्रपूरच्या एका दवाखान्यात काचेचं दार यांना पाहून स्वतःहून उघडलं. हे मागे सरकले आणि चौकीदाराला विचारलं, "कडीवालं दार कुठी आहे?" तो म्हणाला, हेच एक आहे. मग दुसरा कोणी आत जाईपर्यंत हे बाहेर उभे राहिले आणि त्याच्या पाठीला चिकटून घुसले. दाराने दगा दिलाच तर आधी तो सापडावा, असा हिशेब. मी त्यांना तोंडावर येडे म्हणते. ते रागवत नाहीत, कारण मी बोलते तेव्हा ते बहुतेक ऐकतच नसतात.

त्यांची सगळी उमर बांबूचा ट्रक चालवण्यात गेली, त्यामुळे माणसंही ते गेअरवरच मोजतात. कोणी हळू बोलला की तो पहिल्यात आहे. लग्नात जेवायला उशीर झाला की मांडव न्यूट्रलमध्ये पडला. माझ्याबद्दल ते सगळ्यांना सांगतात की ह्या बाईले रिव्हर्सच नाई. एटापल्लीहून आत, डांबर संपतं त्याच्याही पुढे त्यांचं गाव. मध्ये दोन नाले, पावसाळ्यात तिथे साधी गाडी रुतून बसते. म्हणून ट्रक सुटल्यावर त्यांनी चारही चाकांनी ओढणारी एक जुनी जीप घेतली, आणि तांदूळ असो, आजारी माणूस असो की कोणाची बकरी असो, सगळं त्या जीपमधून बाजाराला येऊ लागलं.

मग एका हंगामात धानाचं पोतं उचलताना त्यांचा डावा खांदा गेला. हात स्टेअरिंगवर टेकतो, पण बाजूला वळत नाही, आणि गेअर तर डाव्याच हाताला. मुलगी लग्न होऊन नागपूरला, घरात ही दोघंच. दुसऱ्या कोणाने जीप विकली असती. यांनी ताईला बाजूच्या सीटवर बसवलं. हे पायाने क्लच दाबायचे आणि म्हणायचे, "दोन." ताई दोन टाकायची. "तीन." ताई तीन टाकायची. स्टेअरिंग तिने जन्मात धरलं नाही, पण गेअर असे टाकायची की उजव्या हाताने दांडा आणि डाव्या हाताने मांडीवरच्या शेंगा निवडणं, दोन्ही एकाच वेळी. त्यांच्या गावच्या लोकांना तर गाडी अशीच असते, तिला दोन माणसं लागतात, असंच वाटायचं. माझं घर एटापल्लीत, बाजाराच्या रस्त्यावरच. जीपचा आवाज ऐकून मला घरात बसल्या बसल्या कळायचं की आज दोघांचं भांडण झालं आहे की नाही. भांडण असलं की भाटवे आकडा म्हणायचे आणि ताई जरा थांबून टाकायची. त्या वेळी गेअर असा खरडायचा की माझी कोंबडी खुराड्यात जायची.

हे असं मरेपर्यंत चाललं असतं, पण मागच्या पावसाळ्यात ताईला ताप भरला. मागच्या सीटवर निजवून भाटवे तिला एटापल्लीच्या दवाखान्यात आणायला निघाले. गाडी उभी असतानाच उजवा हात पलीकडे नेऊन दुसऱ्यात टाकली ती टाकलीच, चालत्या गाडीत पुढचा गेअर टाकायला माणूस नाही. इंजिन सगळ्या जंगलभर ओरडत होतं म्हणे. शेवटी डांबर लागल्यावर ताईनेच निजल्या निजल्या मागून हात घातला आणि तीन टाकला. दवाखान्यात मी पोचले तेव्हा ती डोळे मिटून पडली होती आणि भाटवे तिच्या पायाशी बसून मला गाडी किती तापली ते सांगत होते. मी म्हटलं, गाडीचं राहू द्या.

बरी झाल्यावर ताईने एकच धरलं, की आता गाडी घ्यायची तर बिनगेअरची. जीपचाही जीव संपलाच होता. भाटव्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेवटी एक दिवस आम्ही तिघं एस.टी.ने चंद्रपूरला गेलो. तिथे जुन्या गाड्यांचा धंदा करणारे एक चाचा आहेत, सरळ माणूस. त्यांच्याकडे चारही चाकांनी ओढणाऱ्या दोन लांब गाड्या उभ्या होत्या, एक पांढरी गेअरची आणि एक राखाडी, ऑटोमॅटिक. भाटवे पांढरीपुढे जाऊन उभे राहिले. राखाडीकडे त्यांनी पाठ केली.

पांढरी त्यांनी आधी चालवली. ताई बाजूला, चाचा आणि मी मागे. "दोन," "तीन," "परत दोन." चाचा तोंड उघडं ठेवून पाहत राहिले. उतरताना म्हणाले, "ये तो मियाँ-बीवी की गाडी हो गई." भाटव्यांना हे सर्टिफिकेटच वाटलं. मग मी डोळे वटारले तेव्हा ते राखाडीत बसले, या वेळी चाचा बाजूला आणि आम्ही दोघी मागे. चाचांनी समजावलं, "भाऊ, इसमें क्लच नहीं है. बायाँ पैर भूल जाओ." भाटव्यांनी मान हलवली, गाडी जोरात काढली आणि वळणावर सवयीने डाव्या पायाने क्लच दाबला. तो ब्रेक होता. गाडी जागच्या जागी थांबली, माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं आणि ताईच्या पिशवीतली बोरं चाचांच्या पायाशी गेली. भाटवे म्हणाले, "पाहा. हिनं मले न विचारता ब्रेक मारला."

बाहेर टपरीवर चहा घेताना त्यांनी आपली बाजू मांडली. बिनगेअरची गाडी चढावर कोणता गेअर टाकील ते ती सांगत नाही. आणि बॅटरी बसली तर तिला धक्का मारून चालू करता येत नाही, जंगलात ती नुसती घमेलं होऊन बसते. हे चाचांनीही कबूल केलं. ताई म्हणाली, "धक्का मारते कोण? तुमी त आत बसून राह्यता. मीच मारतो ना?" भाटव्यांनी चहात बिस्कीट बुडवलं. ते तुटून आत पडलं तरी ते कपात पाहतच राहिले.

मग ताईने विचारलं, "मी नसली त गेअर कोण टाकीन?"

भाटवे म्हणाले, "तू नाई राह्यली त मले कुठी जायचं आहे?"

माझ्या हातात बशी होती. ती मी खाली ठेवली. वाटलं, आता ही रडेल आणि पांढरी गाडी घेऊन आम्ही घरी जाऊ. पण ताई माझीच बहीण आहे. ती म्हणाली, "मेल्यावरचं नाई म्हणून राह्यली. त्याच्या आधीचं म्हणून राह्यली. मी मागं पडून राह्यली, मले हातही नाई उचलता आला, त दवाखान्यात कसे नेसान?"

भाटव्यांनी उरलेला चहा टाकून दिला आणि जाऊन राखाडीच्या दाराला हात लावला. चाचांचा माणूस गाडी गावापर्यंत सोडून गेला.

पंधरवडाभर ते गावच्या माळावर शिकले म्हणतात, डावा पाय चपलेसकट सीटखाली कोंबून. मग एका बाजाराला ती राखाडी माझ्या दारात येऊन उभी राहिली. कोंबडी हललीसुद्धा नाही. भाटवे उतरले. बाजूची सीट रिकामी. मी विचारलं, ताई कुठे? म्हणाले, "तिले म्हटलं चाल. ती म्हणते, माझं आता काय काम आहे?" ओट्यावर बसून त्यांनी पाणी मागितलं. गाडी कशी आहे विचारलं तर चांगली आहे म्हणाले. चढावर? चढावरही चांगली. नाल्यात? नाल्यातही. इतकी वर्षं ओळखते, पण त्यांना एवढं कमी बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. निघताना त्यांनी उजवा हात छातीवरून पलीकडे नेला, बटण दाबून दांडा ओढला आणि गेले. अडचणीचं होतं, पण जमत होतं. मी ताईला फोन लावला आणि म्हटलं, गाडीला काही झालेलं नाही, पण पुढच्या बाजाराला तू ये.

पुढच्या बाजाराला ती आली. शेंगांची परडी घेऊन बसली होती, आता दोन्ही हातांनी निवडत होती. बाजारात तांदूळ वजन करून विकला, माझ्याकडे जेवण झालं, दोघं आपापसात डाळीत मीठ कमी की जास्त यावर भांडली. निघताना मी गाडीपाशी गेले. भाटव्यांनी चावी फिरवली, ब्रेकवर पाय ठेवला आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर रस्त्याकडे पाहत नुसते बसून राहिले. मला वाटलं काही विसरलं. तेवढ्यात ताईने मांडीवरची परडी जरा सरकवली, उजवा हात लांब केला आणि दांडा मागे ओढला. एकदाच. घरापर्यंत तेवढंच तिचं काम. मग तिने पुन्हा शेंगा हातात घेतल्या आणि गाडी निघाली. वळणापर्यंत आवाज ऐकत मी उभी होते. भांडण झालं आहे की नाही, ते आता काही कळत नाही.