एका डीपीवरच्या मोटारी

अर्धापूरच्या आमच्या शिवारात सगळ्यांच्या मोटारींना ऑटो बसवलेलं होतं. वीज आली की मोटार आपोआप सुरू, शेतात जायची गरज नाही. सोय उत्तम. फक्त वीज येताच सगळ्या मोटारी एकदम उठायच्या आणि डीपीवरचा, म्हणजे शिवाराला वीज देणाऱ्या रोहित्रावरचा, फ्यूज उडायचा. त्या उन्हाळ्यात डीपीच जळाली. दुसरी येईपर्यंत केळीची पानं करपली. घड नुकते भरायला लागले होते; डीपी पुन्हा जळाली असती तर सासऱ्यांची अख्खी बाग गेली असती.

लातूरला माझा भाऊ वीज उपकेंद्रात आहे. त्याला फोन लावला.

"ताई, वीज काय टाकीत भरून ठेवलेली नसती. तुम्ही ओढता त्याच क्षणी कुठंतरी ती बनत असती. देशभरातली जनित्रं एका ठेक्यात फिरतात. ओढ वाढली की ठेका मंदावतो, कमी झाली की वाढतो. तो सांभाळायला माणसं बसलेली हायत. म्हणून तर शेतांना पाळीनं वीज. आन् तुम्ही पाळी आली की सगळे एकदम तुटून पडता!"

"मग काय करू?"

"कुणाची मोटार कुणामागं, याची यादी कर. तुला बी सांगावं लागतंय का?"

केली. ऑटो काढायचं, मोटारी एकामागून एक लावायच्या, मध्ये थोडा दम खायचा. पहिलं नाव कुणाचं, यावर पारावर खडाजंगी झाली. यादी मी केलेली, म्हणून आमचं नाव शेवटी टाकलं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते भडकलेच. "आपली पाळी येईस्तोवर वीज गेली तर? घरची सून घरच्याच केळीला उपाशी ठेवून राहिली!"

"मामा, पंगतीत वाढणारे शेवटीच बसतात."

"ते लग्नात. हे शेत हाय."

दुसऱ्या दिवशी वीज आली तेव्हा आम्ही दोघं विहिरीवर होतो. ओढ्यापलीकडची मोटार घरघरली. मग तिच्या शेजारची. मामांचा हात हिरव्या बटणाकडे गेला. त्यांनीच तो मागे घेतला, दोन्ही हात पाठीशी बांधले आणि एकेका मोटारीचा आवाज ऐकत थांबले.

सगळ्यात शेवटी बटण दाबलं. दोघांचेही डोळे डीपीवर. फ्यूज टिकला. ठिबकच्या नळ्या फुगल्या, केळीच्या बुडाशी माती ओली होऊ लागली.

"यादी बरी हाय," मामा म्हणाले. "पण पलीकडच्याला सांग, त्याची मोटार लई कण्हून राहिली. बेरिंग बदल म्हणावं. न्हाई तर ती जाम होऊन फ्यूज उडवंल आन् आपल्या सगळ्यांचीच पाळी हुकंल."